आधी घर, मग कुत्रा

प्रवरेच्या कालव्यांनी देवळाली प्रवरा व भोवतालची गावे हिरवीगार केली आहेत. जिकडे पाहावे तिकडे ऊस. परंतु हा दाट ऊस बिबट्यालाही मानवतो. तो उसात लपतो, तेथेच बछडे वाढवितो आणि रात्री वस्तीवरील कुत्र्यांवर झडप घालतो. याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या भक्ष्यात कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा आढळला.

देवळालीच्या एका मळ्यातील कुटुंबावर असाच प्रसंग आला. हिवाळ्यातील एका पहाटे अंगणातील खुंट्याला साखळी तेवढी उरली होती. इमानी कुत्रा नाहीसा झाला होता. पुढे कित्येक दिवस घरात कोणी त्याचे नाव काढीत नसे.

उन्हाळा सरल्यावर मुलांनी नव्या कुत्र्याचा विषय काढला.

"आजोबा, या वेळी जातिवंत पिल्लू विकत आणू," धाकटा म्हणाला. "चांगला दांडगा कुत्रा होईल. बिबट्या त्याच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही!"

"विकत कशाला?" थोरली बहीण म्हणाली. "निराधार कुत्र्यांच्या निवाऱ्यातून एखादे आणू. त्यांना कोणी नसते."

आजोबांनी निकाल दिला नाही. ते दोघांना जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर म्हणाले, "जातिवंत पिल्लू पुढे केवढे होईल, त्याचा स्वभाव साधारण कसा असेल, याचा अंदाज करता येतो. जातिवंत म्हणजे परदेशीच, असेही नाही. कर्नाटकातील मुधोळचा शिकारी कुत्रा आपल्याच मुलखाचा आहे. २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. मात्र त्याला धावावयास मोकळे रान लागते. थंड देशांतील दाट केसांच्या कुत्र्यांना तर आपला उन्हाळा सोसत नाही. शिवाय विकणारा पारखून घ्यावा लागतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई दाखविण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारातूनच परत फिरावे."

"आणि निवाऱ्यातले?" बहिणीने विचारले.

"तेथे मोठे झालेले कुत्रे मिळते, त्याचा आकार व स्वभाव डोळ्यांनी पाहता येतो. आपल्या गावठी कुत्र्याचे अंग येथल्या हवेला सरावलेले असते. परंतु त्याचे पूर्वायुष्य पुष्कळदा कोणास ठाऊक नसते. मार खाल्लेले कुत्रे हात उगारताच दचकते. घाईने अंगाशी गेल्यास चावूही शकते. त्याला धीराने वेळ द्यावा लागतो. कुत्रा कोठूनही आणा, पिसाळीची लस वेळच्या वेळी टोचून घेतलीच पाहिजे."

"पण बिबट्याशी कोणता कुत्रा लढेल?" धाकट्याने विचारले.

"बाळ, खुंट्याला बांधलेला कुत्रा कोणत्याही जातीचा असो, त्याला ना लढता येत, ना पळता येत."

परतीच्या वाटेवर कोणी बोलले नाही. मळ्याच्या बांधावर आजोबा थांबले. "पोरांनो," ते हळूच म्हणाले, "त्या रात्री साखळी मीच बांधली होती. त्याने आपली राखण करावी, एवढेच मला सुचले. त्याची राखण कोणी करावयाची, हे मी मनात आणलेच नाही."

धाकट्याने त्यांचा हात धरला. "आजोबा, मग आधी त्याला घर बांधू."

घराच्या भिंतीला लागून एक लहानशी खोली उभी राहिली. तिला पक्के छत, खिडकीला मजबूत लोखंडी जाळी व दाराला भक्कम कडी होती. कुत्रा बिबट्याशी झुंजविण्यासाठी नव्हे, तर सोबतीसाठी आणावयाचा, हे ठरताच दांडगेपणाचा आग्रह आपोआप गळून पडला. मुलांनी निवाऱ्यातून दोन वर्षांची तांबूस रंगाची कुत्री आणली. तिचा एक कान फाटलेला होता. तिला लस टोचलेली होती व तिचे निर्बीजीकरणही झाले होते.

पहिले आठ दिवस ती दिवसभर खाटेखाली दडून राही. बहीण भाकरी ठेवून दूर होई. धाकटा पाठमोरा बसून मोठ्याने पाढे म्हणे; तिच्याकडे वळूनही पाहत नसे. नवव्या दिवशी सोळाचे पाढे चालू असता त्याच्या पावलावर काहीतरी ओलसर टेकले. तिचे नाक होते ते! त्याचा पाढा चुकला, परंतु पाय मात्र त्याने हलविला नाही.

त्या रात्री त्याने तिच्या खोलीची कडी लावली. अंथरुणावर पडल्यावर तो पुन्हा उठला, बाबांना हाक मारून त्यांच्यासह कंदील घेऊन गेला आणि कडी नीट लागली आहे ना, हे पाहून आला. ओसरीवर जागे असलेल्या आजोबांनी ते पाहिले. ते काही बोलले नाहीत; त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

स्वाध्याय

१. जातिवंत पिल्लू विकत घेताना कोणती काळजी घ्यावी?
२. निवाऱ्यातील कुत्र्याला धीराने वेळ का द्यावा लागतो?
३. धाकट्याचा दांडग्या कुत्र्याचा आग्रह कसा गळून पडला?
४. 'वाऱ्यालाही उभे न राहणे' या वाक्प्रचाराचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.