चैत्रातील कैरी आणि आखाजीचा आंबा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने स्वयंपाकघराविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु अर्थशास्त्रात रूप, स्थल आणि काल असे उपयोगितेचे जे प्रकार आपण पाठ करतो, त्यांचे उत्तम उदाहरण सुरतेच्या उधना-लिंबायत भागातील खानदेशी घरांत दरवर्षी फाल्गुन संपता संपता पाहावयास मिळते. ते उदाहरण म्हणजे कैरी.

प्रथम थोडे भाषेविषयी. मराठीत कच्चे फळ ती कैरी आणि पिकलेले फळ तो आंबा. गुजराती माणूस दोहोंनाही केरीच म्हणतो. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडून नव्याने आलेली बाई बाजारात कैरी मागू लागली, की भाजीवाला आधी "काची के पाकी?" असे विचारतो. कन्नड विभागाच्या वाचकांना ही अडचण कळणार नाही, कारण त्यांच्याकडे माविनकायी आणि माविनहण्णु असा स्पष्ट भेद आहे. माझ्या मते येथे मराठी व कन्नड या भाषा व्यवहाराच्या अधिक जवळ आहेत. फळ एकाच झाडाचे असले, तरी बाजारात या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. त्यांचे गिऱ्हाईक वेगळे, भाव वेगळे आणि हंगामही वेगळे.

सुरतेचा हिवाळा खाण्यापिण्याचा. सुरती पापडी, कंद, पोंक (म्हणजे आपला हुरडा) यांची तेव्हा चंगळ असते. होळीनंतर मात्र हिरव्या भाज्या कमी होत जातात, उन्हामुळे अन्नावरची वासना उडते आणि जेवणात आंबट काहीतरी हवेसे वाटते. नेमक्या याच वेळी लिंबू महाग होते. 2022 च्या एप्रिलमध्ये गुजरातेत लिंबांचा भाव किलोला 200 रुपयांच्याही वर गेला होता. अशा वेळी पर्यायी वस्तू म्हणून कैरी उभी राहते. वाऱ्यावादळाने गळालेल्या कैऱ्या तर स्वस्तच मिळतात. त्या कैऱ्यांचा आंबा होणारच नव्हता, म्हणून त्या खाण्यात संधी-खर्चही नाही!

पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला गुळाबरोबर खाल्ला जातो (कर्नाटकात बेवु-बेल्ल), आणि तेथून कैरीचा महिना सुरू होतो. चैत्रातील हळदीकुंकवाची आंब्याची डाळ सर्वांना माहीत असली, तरी वसतिगृहातील मित्रांसाठी कृती देतो. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून निथळावी आणि भरड वाटावी. अगदी गंध करू नये. तीत अर्धी वाटी कैरीचा कीस, मीठ व चिमूटभर साखर घालून वरून मोहरी, हिंग, हळद व मिरचीची खमंग फोडणी द्यावी. कैरी फार आंबट असेल तर कीस कमी घ्यावा. चूल पेटवावी लागते ती फोडणीपुरती, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी राहणाऱ्यास ही गोष्ट किती मोलाची आहे हे सांगावयास नको. कन्नड घरांतील कोसंबरी ही या डाळीची सख्खी बहीणच. पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, गूळ दीड ते दोन वाट्या आणि वेलदोडा एवढे पुरे.

आता आखाजी. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांची घागर भरतात, पुरणपोळी व आमरसाचा नैवेद्य दाखवतात आणि त्याआधी आंबा खाऊ नये असा जुन्या मंडळींचा दंडक असतो. या दंडकामुळे चैत्रभर कच्च्या फळावर भागते व महागडा नवा आंबा आपोआप टळतो. पण एक अडचण आहे. मागणी तिथीला बांधलेली, तर पुरवठा झाडाला बांधलेला. 2023 साली आखाजी 22 एप्रिलला होती, 2024 साली 10 मे रोजी आणि 2025 साली 30 एप्रिलला. वलसाडचा हापूस व गीरचा केसर यांची भरघोस आवक साधारणतः मे महिन्यात होते. म्हणजे तिथी लवकर आली, की मागणी अलवचीक आणि माल अपुरा! मीटरवर मजुरी घेणाऱ्या मागवाल्याच्या घरीही त्या दिवशी रस हवाच असतो.

अशा वेळी कोवळे फळ कार्बाइडने पिकवण्याचा मोह व्यापाऱ्याला होतो. कॅल्शियम कार्बाइडपासून निघणाऱ्या वायूने साल पिवळी होते, परंतु आत गोडी येत नाही. शिवाय त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. फळे पिकवण्यासाठी त्याचा वापर करण्यास आपल्या देशात बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र 2016 पासून ठरावीक मर्यादेत मुभा आहे. गिऱ्हाइकाच्या हाती एक सोपी परीक्षा आहे. आंबे पाण्याच्या बादलीत सोडावेत. पूर्ण तयार झालेले फळ बहुधा बुडते, कोवळे तरंगते. जुन्या बायका रसाचे आंबे आधी भिजत घालतात, त्यात ही परीक्षा आयतीच होते. झाडाला पाड लागल्यावर उतरवून आढीत पिकवलेला आंबा शहरात सहसा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

आमच्या गल्लीतील काही घरांनी यावर आपला तोडगा काढला आहे. तिथी लवकर आली, तर घागरीवर एकच चांगला आंबा ठेवायचा, नैवेद्यापुरता वाटीभर रस काढायचा आणि पंक्तीला पुरणपोळीबरोबर रशी, कुरडई व थंडगार पन्हे वाढायचे. ताप्ती लाइनच्या गाडीने गावी गेलेली मंडळी परत येतात, तोवर मे अर्धा झालेला असतो आणि केसरचा भाव उतरलेला असतो. घरभर रस होतो तो तेव्हा.