पांढरे कार्ड असले तरी पाच लाखांपर्यंत उपचार: उत्पन्न कुठे पाहतात, कुठे नाही

“आमचं कार्ड पांढरं, आम्हाला कुठली योजना बसणार?” असे म्हणून चौकशी न करताच ऑपरेशनसाठी सोने गहाण टाकणारी कुटुंबे अजून भेटतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला आता उत्पन्नाची अट नाही. पूर्वी होती, आणि लोकांच्या मनात तीच पक्की बसली आहे.

ती कार्डाच्या रंगातून यायची. वार्षिक १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळे, १ लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरे. योजना पिवळ्या-केशरीला, पांढऱ्यापैकी प्रामुख्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना, तीही सातबारा दाखवून. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरे कार्डधारकही आत आले. कुटुंबाला वर्षाला मिळणारे संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर गेले. ‘आयुष्मान भारत’ची पात्रता वेगळी आहे. ती प्रामुख्याने २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीवर ठरते. तिथेही कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२४ च्या अखेरीपासून आधारवरच्या वयावर ‘वय वंदना’ कार्ड मिळते.

मग लोक परत का येतात? कागदामुळे. शिधापत्रिकेतली नावांची यादी एकदा उघडून नीट वाचा. लेकीचे लग्न होऊन सहा वर्षे झाली तरी तिचे नाव तिथेच असते. सून घरात आली, तिला दोन मुले झाली, त्यांचा पत्ताच नसतो. ‘रमेश’ आणि ‘रमेशराव’ एवढ्या फरकानेही आधारशी ताळमेळ बसत नाही. रुग्ण खाटेवर असताना नाव चढवण्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत धावावे लागते, आणि ती धावपळ घरातल्या ज्या माणसाने रुग्णाजवळ थांबायला हवे त्याच्याच वाट्याला येते. हे काम सगळे धडधाकट असतानाच उरकून घ्या.

योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. केस पेपर काढण्याआधी त्याला गाठा आणि सरळ तीन गोष्टी विचारा: हा आजार यादीत आहे का, या रुग्णालयाला त्या विभागाची मान्यता आहे का, मंजुरी आली का. मंजुरीआधी ठरवून ऑपरेशन करून घेतले तर बिल तुमच्या अंगावर पडू शकते. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून दिले तरी चालतात. त्यामुळे छातीत दुखणाऱ्या माणसाला घेऊन झेरॉक्सच्या दुकानात थांबू नका.

मंजूर पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, ऑपरेशन, औषधे, रुग्णाचे जेवण, घरी जाताना एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे आणि घरी गेल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधे येतात. यातले परतीचे भाडे फारसे कोणी मागतच नाही. मागा, तो तुमचा हक्क आहे. पदरचे जाते ते इथे: बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, यादीबाहेरचा आजार, सोबतच्या माणसाचे राहणे-खाणे आणि बुडालेली रोजी. घरखर्चाचा अंदाज बांधताना यासाठी पैसे बाजूला ठेवा. मंजूर उपचारासाठी कोणी अनामत किंवा ‘वरचे’ पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच १५५३८८ वर फोन लावा. घरी येऊन केलेल्या तक्रारीपेक्षा खाटेजवळून केलेला फोन जास्त कामी येतो.

आजार यादीत नसेल तर धर्मादाय रुग्णालयाचा रस्ता आहे, आणि उत्पन्नाचा दाखला खरा लागतो तो इथे. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत. ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलतीच्या दरात, म्हणजे साधारण निम्म्यात. समजा घरचे उत्पन्न २ लाख आहे आणि बिल ८० हजार झाले, तर तुमच्या वाट्याला ४० हजारांच्या आसपास येतील. १ लाख ७० हजारांच्या दाखल्यावर तेच बिल शून्य. म्हणून तलाठ्यासमोर शेतीचे उत्पन्न सांगताना खत-बियाण्याचा खर्च वजा करून खरा आकडा सांगा. खोटा सांगू नका आणि फुगवूनही सांगू नका.

दाखला तहसीलदारांच्या नावे ‘आपले सरकार’ केंद्रातून निघतो. शुल्क केंद्राच्या फलकावर लिहिलेले असते, तेवढेच द्या आणि पावती घ्या. प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक घ्यायला कोणी पाठवले तर जाऊ नका, अशा दाखल्यांना मुद्रांक शुल्क माफ आहे. आर्थिक वर्ष उलटले की जुना दाखला अडू शकतो, त्यामुळे एप्रिलनंतर नवा काढून ठेवा. रुग्णालयात गेल्यावर बिलाच्या खिडकीशी हुज्जत घालू नका. आधी वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि अर्ज दाखल होतानाच द्या, डिस्चार्जच्या दिवशी नाही. खाटा भरल्या आहेत असे सांगितले तर तेवढेच लेखी मागा. तो कागद धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयातल्या तक्रारीला जोडता येतो.