मराठीच्या नव्या मिसला

चि. मृणाल हिस,


वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉसमध्ये जूनपासून मराठी शिकवणार आहेस, हे ताईकडून कळलं. आनंद झाला. पण ‘फादर लोकांची इंग्रजी शाळा, तिथं मराठीला कोण विचारतंय?’ असंही ती म्हणाली. हा सूर घेऊन वर्गात पाऊल टाकू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र.

मंडळ कुठलंही असो, राज्यातल्या शाळांत मराठी शिकवलीच पाहिजे, असा कायदा २०२० साली झाला. कायद्यामुळे मुलं बाकावर बसतील, पण कान देतीलच असं नाही. तिथं तुझंच काम आहे. अस्मितेचं भाषण ठोकलंस तर ती मार्कांपुरती मराठी शिकतील आणि दहावीनंतर सोडून देतील.

त्यापेक्षा त्यांना त्यांच्याच घरातली मराठी दाखव. जेझुइट फादरांनी ही शाळा १८६३ साली काढली, ती अनाथ मुलांसाठी. त्याच जेझुइट संघाचे फादर स्टीफन्स जन्मानं इंग्रज. १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. १६१६ साली ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. ‘मिस, मराठी टफ आहे’ म्हणणाऱ्या पोराला हे सांग. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर अगदी आपल्या काळातले. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

वर्गात रानवर, चिंबई, पालीकडची ईस्ट इंडियन ख्रिस्ती मुलं असतील. त्यांच्या आजीची बोली मराठीच आहे. तेव्हा डिसोझा आडनावाच्या मुलाला ‘अरे वा, तुला मराठी येतं?’ असं कौतुकानंसुद्धा विचारू नकोस. त्याच्याच भाषेत तू त्याला परका ठरवतेस. निबंधात त्यानं घरचा शब्द लिहिला तर त्यावर लगेच लाल रेघ ओढू नकोस. बोर्डाच्या पेपरात काय लिहायचं ते वेगळं शिकव, आणि तो शब्द फळ्यावर घे. सुगीचा आगेऱ्याचा सण, लग्नातलं उंबराचं पाणी, बाटलीतला मसाला, मोतमाउलीची जत्रा, यांवर आजीला विचारून दहा ओळी लिहून आणायला सांग. बाकीच्या मुलांनाही आपापल्या आज्या आठवतील.

सकाळच्या प्रार्थनेचं दडपण घेऊ नकोस. हात जोड, नाहीतर नुसती शांत उभी राहा. एखादी आई काळजीनं विचारेल, ‘मुलाला बायबल शिकवणार का?’ संविधानाच्या २८व्या कलमाप्रमाणे, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. हे तिला नीट समजावून सांग. त्यावर स्टाफरूममध्ये कुजबुज करू नकोस. काही खटकलंच तर थेट फादरांना विचार.

इंग्रजीच्या मिसपुढे अवघडून जाऊ नकोस आणि तिच्याशी चढाओढही लावू नकोस.

‘स्मृतिचित्रे’ जूनच्या आत पुन्हा वाचून काढ. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं ते मराठी आठवीच्या मुलांनाही कळतं. माझी प्रत ताईबरोबर पाठवली आहे. समासातल्या माझ्या खुणांकडे लक्ष देऊ नकोस, तुझ्या तू कर.

तुझी,
मावशी