लहान मुलांस नाण्यांची ओळख

मुलास आंकडे आले कीं पैसे मोजतां येतात, अशी पुष्कळ आईबापांची समजूत असते. परंतु शंभरापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या एखाद्या लहान मुलापुढें पांच रुपयांचें एक नाणें व एकेक रुपयाचीं तीन नाणीं ठेवून, जास्त पैसे कोठें आहेत, असें विचारून पाहावें. तें बहुधा तीन नाण्यांकडे बोट दाखवील. चिंचोके किंवा मोहाचीं फुलें मोजावीं तशींच त्यानें नाणीं मोजलीं. एक वस्तु पांचांचें मोल धरते, हें त्यास कोणी सांगितलेलेंच नसतें.

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत तें सांगण्याचें साधन घरींच आहे. उन्हाळ्यांत पहांटे रानांतून तेंदूचीं पानें येतात आणि सारें घर सावलींत बसून पुडे बांधतें. पुड्यांत सत्तर पानें असतात. पण फळीवर मोजतांना तो पुडा एकच धरला जातो, व मजुरी पुड्यांच्या शेंकड्यावर ठरते. मुलास म्हणावें, "जशीं सत्तर पानें मिळून एक पुडा, तसे पांच रुपये मिळून हें एक नाणें." मग त्याच्याकडून रुपयाचीं पांच नाणीं घेऊन त्यास पांचाचें एक द्यावें, व पुनः त्याची मोड करावयास लावावें. हा खेळ आठ-पंधरा दिवस चालूं द्यावा. नोटांची घाई नको. घरीं गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलानें प्रथम आपल्याच बोलींत मोजावें. एकोणतीस, एकोणपन्नास हे मराठी शब्द मागाहून येतील.

नाणें आकारावरून मात्र ओळखूं नये. २०११ सालच्या मालिकेंत दोन रुपयांचें नाणें २५ मिलिमीटर व्यासाचें व पांचाचें २३ मिलिमीटरचें आहे. लहान तेंच अधिक मोलाचें! २०१९ च्या मालिकेंत हें उलटें झालें. दोन्ही मालिका एकाच कनवटीला असतात, तेव्हां आंकडाच वाचावयास शिकवावें. घरांतील वडील मंडळी अद्यापि 'चार आणे' म्हणतात. रुपयाचे १६ आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून १०० पैसे झाले, आणि पंचवीस पैशांचें नाणेंही ३० जून २०११ पासून बंद झालें. मुलानें विचारल्यास हें सांगावें. न विचारल्यास त्याच्या डोक्यावर तें ओझें घालूं नये.

शेवटीं आठवडी बाजार. सदतीस रुपयांचें मीठ-मिरची घेऊन पन्नासाची नोट दिली, तर वजाबाकी न करितां वर मोजत जावें: अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, आणि वर दहा म्हणजे पन्नास. तेरा रुपये परत आले पाहिजेत. ते मुलाच्याच हातीं घेऊं द्यावे व दुकानापुढून हलण्यापूर्वीं त्यास मोठ्यानें मोजावयास लावावें. मागें गर्दी असली तरी हरकत नाहीं, दुकानदार थांबतो.