ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी दोष ओळखा, मग पाना हाती घ्या

खरिपाची पेरणी आटोपली की अनेक शेतकऱ्यांचा ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभाच असतो. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रब्बी ज्वारीसाठी रान वाफशावर येते आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. कोरडवाहू रानात एकेक दिवस वाया गेला की वरच्या थरातील ओल उडते व उगवण विरळ होते. अशा वेळी घाईने पंप किंवा नोझल खोलू नये. क्रमाने तपासणी केल्यास पुष्कळसे दोष बांधावरच सापडतात.

प्रथम एवढेच पाहावे : चावी फिरविल्यावर इंजिन फिरते की नाही? फिरत नसेल तर दोष बहुधा बॅटरी, वायर किंवा सेल्फमध्ये असतो. फिरते पण सुरू होत नसेल तर डिझेल व हवेचा मार्ग तपासावा.

१) इंजिन फिरतच नाही

गिअर न्यूट्रलमध्ये व पी.टी.ओ. बंद असल्याची खात्री करून क्लच पूर्ण दाबावा. बऱ्याच ट्रॅक्टरना सुरक्षा स्विच असतो. यांतील एखादी गोष्ट राहिली तरी सेल्फ लागत नाही.

नंतर हेडलाइट लावून चावी फिरवावी. दिवे एकदम मंद झाले किंवा नुसता ‘टक् टक्’ आवाज आला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवे प्रखर राहून आवाजच येत नसेल तर फ्यूज, स्विच व सेल्फकडे जाणारी वायर पाहावी.

टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर असल्यास वायर सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने तो धुवावा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. पुसून, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावावी. वायर काढताना ऋण (-) टर्मिनल आधी काढावे व जोडताना शेवटी जोडावे. अर्थ वायरचा चासीवरील जोडही साफ करावा.

बॅटरीतील पाणी प्लेटच्या वर १० ते १२ मि.मी. असावे व भरताना डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. पूर्ण चार्ज बॅटरीचा दाब विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२.२ च्या खाली असल्यास बॅटरी चार्ज करून घ्यावी. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून काडी ओढून पाणी पाहू नये.

सावधान! सेल्फवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर कधीही सुरू करू नये. अशा वेळी सुरक्षा स्विच निरुपयोगी ठरतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असल्यास चाकाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरून जातो.

२) इंजिन फिरते, पण सुरू होत नाही

इंजिन बंद करण्याची नॉब ओढलेलीच राहिली नाही ना, टाकीत डिझेल आहे ना, कॉक उघडा आहे ना व टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले नाही ना, हे पाहावे. मग सेल्फ मारताना सायलेन्सरकडे लक्ष ठेवावे.

धूर मुळीच नाही : डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. फिल्टर तुंबला आहे किंवा डिझेल लाइनने एअर धरली आहे.

पांढरा धूर : डिझेल पोहोचते, पण जळत नाही. डिझेलमध्ये पाणी, खराब नोझल किंवा कमी कॉम्प्रेशन ही कारणे असू शकतात. फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून पाणी काढून टाकावे.

काळा धूर : एअर क्लीनर साफ करावा.

एअर काढण्यासाठी फिल्टरवरील ब्लीडिंग स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातदांडा चालवावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की दांडा चालवत असतानाच स्क्रू आवळावा. नंतर इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर हीच कृती करावी. इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. उच्च दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. कॉमन रेल इंजिनाचे हायप्रेशर पाइप स्वतः सैल करू नयेत.

३) सेल्फ जपून वापरा

एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये व दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट थांबावे. तीन-चार प्रयत्नांत इंजिन सुरू न झाल्यास पुन्हा तपासणी करावी. हट्टाने सेल्फ मारल्यास बॅटरी उतरते व सेल्फही जळतो. एवढे करूनही पांढरा धूर येतच राहिला, तर मात्र जाणकार मिस्त्रीला बोलवावे.

ट्रॅक्टर उभा असताना आठ-दहा दिवसांनी १५-२० मिनिटे चालवावा व टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमटपणाचे पाणी साचत नाही. जास्त दिवस उभा ठेवायचा असल्यास बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडून ठेवावे. वाफसा येण्यापूर्वी आठवडाभर आधी एकदा ट्रॅक्टर सुरू करून पाहिल्यास दोष दुरुस्तीला वेळ मिळतो व पेरणी साधते.