पत्र्याची पेटी आणि भिंतीआडची रेंज

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला आपली पत्र्याची पेटी आठवत असेल. कपडे, वह्या, घरचा फराळ आणि आईवडिलांची पत्रे तिच्यात जपून ठेवलेली असत. त्या काळी घरची खुशाली पोस्टकार्डावरून कळे. आज ती मोबाइलवरून कळते. तथापि नांदेड-लातूर परिसरातील वसतिगृहांत आणि नव्या बांधणीच्या घरांत एक दृश्य नेहमीचे झाले आहे. फोन वाजतो, चारपाच वेळा ‘हॅलो, हॅलो’ होते आणि बोलणारा उठून गच्चीकडे किंवा फाटकाकडे चालू लागतो. टॉवर खिडकीतून दिसत असतो, फोनही नवा असतो. तरी खोलीत रेंज नसते.

हा प्रश्न केवळ गप्पांचा नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी ओटीपी वेळेत पोहोचला नाही, तर एका गरीब मुलाचे वर्षभराचे गणित बिघडू शकते. मध्यरात्री विद्यार्थी आजारी पडला आणि पालकांना फोन लागला नाही, तर दोन्हीकडचा जीव टांगणीला लागतो. म्हणून या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागील विज्ञान आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

लहरींचा प्रवास

मोबाइल हा मुळात रेडिओच आहे; मात्र तो ऐकतोही आणि बोलतोही. रेडिओ लहरी आणि प्रकाश या एकाच कुळातील विद्युतचुंबकीय लहरी होत. मॅक्सवेल यांनी 1865 साली हा सिद्धांत मांडला आणि पुढे 1887-88 च्या सुमारास हर्ट्झ यांनी अशा लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखविल्या. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कोलकात्यात या लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली. म्हणजे प्रकाश जेथे अडतो, तेथूनही रेडिओ लहर पार जाऊ शकते. मग आपल्या भिंतीपाशी ती दुबळी का होते?

कारण ती आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हाच फार क्षीण झालेली असते. दिव्यापासून दूर जावे तसा उजेड विरळ होत जातो, तसेच टॉवरच्या लहरींचे होते. एका वॉटचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढ्या शक्तीवरही फोन काम करीत असतो. अशा क्षीण लहरीची वाट भिंत अडविते. भिंतीने दहा डेसिबल घट केली, तर शक्तीचा दहावा हिस्सा उरतो. तशाच दोन भिंती मध्ये आल्या, तर शंभरावा. म्हणून बाहेरच्या खोलीत चालणारा फोन मधल्या खोलीत मुका होतो.

माती, पाणी आणि लोखंड

लहर भिंतीवर आदळली की तिचा काही भाग मागे परततो, काही भिंतीतच शोषला जातो आणि उरलेला आत येतो. वीट आणि माती लहरीला काही प्रमाणात वाट देतात. ओल आली की शोषण वाढते. म्हणून पावसाळ्यात भिजलेली भिंत अधिक अडथळा करते. धातूची गोष्ट मात्र निराळी आहे. पत्र्यावर पडलेली लहर जवळजवळ सगळीच मागे फिरते. जो अंश आत शिरतो, तो पत्र्याच्या एका मिलिमीटरहून कितीतरी कमी जाडीत विरून जातो. धातूच्या बंद आवरणात बाहेरचा विद्युत प्रभाव पोहोचत नाही, हे मायकल फॅरडे यांनी 1836 साली दाखविले होते. फोन पत्र्याच्या पेटीत ठेवून झाकण घट्ट लावावे आणि दुसऱ्या फोनवरून तो लावून पाहावा. बहुधा तो संपर्क क्षेत्राबाहेर असल्याचे उत्तर मिळेल. टॉवर जवळ असेल आणि झाकणाला फट असेल, तर मात्र घंटी वाजेलही. कारण फटीतून लहर आत शिरते. हा फरक विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहण्यासारखा आहे.

आपली घरेही हळूहळू अशीच पेटीसारखी होत गेली आहेत. पूर्वी मराठवाड्यात दगडमातीच्या रुंद भिंतींची, माळवदाची घरे असत. अशा भिंतीही लहरींना अडवितातच, हे जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा त्याच जड भिंतींखाली आणि माळवदांखाली हजारो माणसे गाडली गेली. त्या दुःखातून आपण सळई, सिमेंट आणि भूकंपरोधक पट्ट्यांचे महत्त्व शिकलो. आज स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते, छतावर पत्रे असतात, खिडकीला लोखंडी गज आणि डासांसाठी धातूची बारीक जाळी असते. लहरींना आत येण्याची मुख्य वाट खिडकीच. तीच या जाळीने बंद होते. तरीही आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो, की रेंजसाठी सळईत काटकसर करू नये. सळई जीव वाचविते. रेंजसाठी दुसरे उपाय आहेत.

नवे तंत्र, नवी अडचण

सर्व लहरी सारख्या नसतात. 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 33 सेंटिमीटर, 1800 ची सुमारे 17, तर 5जी साठी वापरल्या जाणाऱ्या 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरीची सुमारे 9 सेंटिमीटर असते. वारंवारता वाढली की अधिक माहिती वाहून नेता येते. परंतु वीट-सिमेंटच्या भिंतीतून पार जाण्याची क्षमता सामान्यतः घटते. म्हणूनच अंगणात 5जी दाखविणारा फोन माजघरात 4जी वर उतरतो.

दुसरी गोष्ट अशी, की टॉवरच्या तुलनेत फोनची शक्ती अगदी थोडी. 4जी फोन साधारण 0.2 वॉटपर्यंतच लहरी सोडतो. त्यामुळे पुष्कळदा आपल्याला समोरच्याचे ऐकू येते, पण आपला आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. रेंज क्षीण असली की फोन अधिक जोर लावतो आणि बॅटरी लवकर उतरते. दोष फोनचा नसतो. म्हणून केवळ रेंजसाठी नवा फोन घेण्यापूर्वी पालकांनी विचार करावा.

काय करता येईल?

प्रथम जागा बदलून पाहावी. परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून कोठे बळ वाढवितात, कोठे घटवितात. त्यामुळे एक-दोन पावले सरकल्यानेही फरक पडतो. टॉवरच्या दिशेची खिडकी उघडावी. तिला धातूऐवजी नायलॉनची जाळी लावावी. ओटीपी मागविण्यापूर्वीच फोन खिडकीत ठेवावा. इमारतीत इंटरनेटची जोडणी असेल, तर वाय-फाय कॉलिंग सुरू करावे. ही सोय भारतात 2019 च्या अखेरीपासून उपलब्ध आहे आणि बहुतेक नव्या फोनमध्ये असते. परवानगीशिवाय रेंज वाढविणारे बूस्टर मात्र बसवू नयेत. ते कायद्याने वर्ज्य आहेत आणि त्यांच्यामुळे आसपासच्या सर्वांची सेवा बिघडते. संकटसमयी 112 क्रमांक लावावा; आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या जाळ्यावरून तो जोडला जाऊ शकतो.

वसतिगृह किंवा घर बांधताना एक हवेशीर, मोठ्या खिडकीची जागा फोनसाठी ठरवून ठेवावी, अशी आमची सूचना आहे. एके काळी पोस्टमनची वाट पाहण्यासाठी आपण फाटकाशी उभे राहत होतो. आज खिडकीशी उभे राहावे लागते, इतकेच. पण तेथे का उभे राहायचे, हे कळले की चिडचिड संपते, विनाकारण होणारा खर्च टळतो आणि घरचा निरोप वेळेवर पोहोचतो.