वीज गेली असता वार्ता कोठून घ्यावी?

प्रश्न : आमच्या वसाहतीत वीज गेली की व्हॉट्सॲपवर उलटसुलट निरोप येऊ लागतात. विश्वास कशावर ठेवावा?

उत्तर : जो निरोप कोणी, केव्हा आणि कोणत्या भागासंबंधी लिहिला याचा उलगडा होत नाही, तो कितीही आपुलकीने पुढे धाडलेला असला तरी त्यावर विसंबून घरातल्या आजाऱ्याच्या उपचारांची तजवीज लांबणीवर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समाजमाध्यमे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला, तेव्हा बेस्ट उपक्रमाने त्याची वर्दी ट्विटरवरच दिली होती. आपल्या वीज कंपनीचे अधिकृत खाते आधीच शोधून ठेवावे, आणि आपला मोबाइल क्रमांक ग्राहक क्रमांकाशी (महावितरणचा तो १२ आकडी असतो) जोडून घ्यावा.

बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की, गटावर शंभर जणांनी हळहळ व्यक्त केली तरी ती तक्रार म्हणून दफ्तरी दाखल होत नाही. त्यासाठी १९१२ या क्रमांकावर रीतसर तक्रार नोंदवून तिचा नोंदणी क्रमांक गटावर कळवावा. मोबाइलचे मनोरेही अशा वेळी बॅटरीवर वा डिझेल जनित्रावर चालतात आणि ती शक्ती सरली की संपर्क तुटतो, यास्तव महत्त्वाचे निरोप आरंभीच धाडावेत. तुटलेली तार दिसल्यास छायाचित्रासाठी तिच्याजवळ कृपया जाऊ नये. दुरूनच खबर द्यावी.